डावीकडे लंबू उभी होती

‘आंधळी कोशिंबीर’ हे नाव सरांनी ठरवून ठेवलं नव्हतं. पण ते शब्द पहिल्यांदा निघाले ते त्यांच्याच तोंडून, आणि तेही भर मैदानात, सगळ्यांच्या देखत.

सर म्हणजे कामगार क्लबच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. दिवसा ते एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर असायचे आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर. तरुणपणी स्वतः बरे खेळायचे. गुडघ्याने दगा दिला नसता तर मी कुठच्या कुठे गेलो असतो, असं ते नेहमी सांगायचे, आणि बायको सोडून बाकी सगळे ते ऐकून घ्यायचे.

संघात त्यांची सख्खी भाची होती, थोरल्या बहिणीची मुलगी. तान्ही असताना रडायला लागली की चार घरं पलीकडचे लोक डोकावून जायचे, म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं. ते मैदानावरही आलं आणि तिथे ते शोभलंही, कारण टिटवी मधल्या फळीत खेळायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचा आवाज पोचायचा. “मागे माणूस!” “वेळ आहे, वळ!” असं ती ओरडत असायची. संघाला त्याची सवयच झाली होती.

सरांनी पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवलं होतं, “इथे मामा नाही, सर म्हणायचं.” आणि भाचीचे लाड होतात असं कुणी म्हणू नये म्हणून दुसऱ्या मुलींना जी शिक्षा एक वेळ, ती टिटवीला दोन वेळा. इतर मुली एक फेरी धावल्या की टिटवी आणखी एक. चुकीबद्दल बोलणी खायची वेळ आली की सुरुवात टिटवीपासून. सर याला न्याय म्हणायचे. क्लबचे अध्यक्ष एकदा म्हणाले होते, “तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस बघितला नाही,” आणि ते वाक्य सरांनी घरी येऊन बायकोला दोनदा ऐकवलं होतं.

उपांत्य सामन्याच्या सकाळी टिटवी उशिरा आली. खांद्यावर संघाच्या कपड्यांचं गाठोडं होतं. ताईकडे, म्हणजे टिटवीच्या आईकडे, मोठं वॉशिंग मशीन होतं, म्हणून संघाचे शर्ट-चड्ड्या तिच्याकडेच धुवायला जात. टिटवीने गाठोडं बाकावर ठेवलं आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडलं.

“कारणं नकोत,” सर म्हणाले. “मॅच असली म्हणून काय झालं? मैदानाला फेऱ्या मार. मी थांब म्हणेपर्यंत.”

बाकीच्या मुली बुटांच्या नाड्या बांधत होत्या, केसांना पिना लावत होत्या. टिटवी धावत होती. सरांनी गाठोडं सोडलं, वरचाच शर्ट हातात घेऊन म्हणाले, “वा! आज काय कडक दिसणार आहात तुम्ही सगळ्या,” आणि नंतर समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाशी गप्पा मारता मारता टिटवीला थांब म्हणायचं विसरले. गोलकीपरने आठवण करून दिली तेव्हा त्यांनी हात वर केला.

सामना बरोबरीत चालला होता. संपत आला तेव्हा मैदानाच्या मध्यावर चेंडू टिटवीच्या पायात आला. डावीकडे संघातली सगळ्यात उंच मुलगी, लंबू, एकटी उभी होती. आसपास कुणी नाही, समोर गोल मोकळा. दोन्ही हात वर करून ती ओरडत होती. बाकावरच्या मुली ओरडत होत्या. सर ओरडत होते. टिटवीने मान खाली घातली, दोन पावलं चेंडू पुढे नेला आणि नीट उजवीकडे, प्रतिस्पर्ध्याच्या पायात देऊन टाकला. तिथून तो थेट आपल्या जाळ्यात.

सरांनी तिला तिथल्या तिथे बाहेर काढलं. ती रेषेजवळ आली तेव्हा तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

“डोळे घरी ठेवून आलीस का?” सर म्हणाले. आवाज खाली ठेवावा असं त्यांना वाटलं नाही. मागे पालक बसले होते, त्यांत ताईही होती. “फुटबॉल खेळायला आलीस की आंधळी कोशिंबीर?”

“सर, मला ती दिसलीच नाही.”

“दिसली नाही? एवढी ताडमाड पोरगी दिसली नाही?”

“खरंच नाही दिसली. मला वाटलं, डावीकडे कुणीच नाही.”

“वर खोटंही बोलतेस? जा, बस तिकडे.”

पालकांमधून कुणीतरी हसलं. टिटवी बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि टॉवेल डोक्यावर घेतला.

नाव चिकटायला वेळ लागला नाही. मुली काही दुष्ट नव्हत्या, पण हरल्याचा राग कुठेतरी काढायचा होता आणि जागा सरांनीच दाखवून दिली होती. “ए आंधळी कोशिंबीर, चेंडू इकडे!” सर ऐकायचे आणि मनात म्हणायचे, चेष्टा सहन करता आली पाहिजे, त्यानेच खेळाडू घडतो. टिटवी मैदानावर ओरडायची बंद झाली. मग उशिरा यायला लागली, मग एक दिवसाआड, मग आलीच नाही. ताईने कपडे धुऊन शेजाऱ्याच्या हाती पाठवले, आणि पुढच्या खेपेला मशीन बिघडलंय असा निरोप.

“जाऊन बोलून तरी या,” बायको म्हणाली.

“कशाला? खेळात असं व्हायचंच. कातडी फार पातळ आहे तिची.”

“आणि ताईंची?”

सर पेपर वाचत राहिले.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी क्लबमध्ये एक बाई आल्या. क्रीडा महाविद्यालयात संशोधन करत होत्या. खेळताना खेळाडू कुठे बघतात, आणि दमल्यावर त्यांचं बघणं कसं बदलतं, हा त्यांचा विषय. त्यांच्या पेटीत एक चष्मा होता. त्याच्या मधोमध, भुवयांच्या वर, हरभऱ्याएवढा कॅमेरा समोरचं टिपायचा आणि काचांच्या कडेला बसवलेले दोन बारके कॅमेरे डोळ्यांची बुबुळं टिपायचे. तो घालून आधी ताजेपणी थोडा वेळ खेळायचं, मग छाती भरून येईपर्यंत धावायचं आणि लगेच पुन्हा खेळायचं. नंतर पडद्यावर खेळाडूच्या समोरचं मैदान दिसे आणि त्यावर एक लाल गोल फिरत असे. डोळा जिथे, गोल तिथे.

मुलींनी बाईंचं नाव लगेच ‘चष्मेवाल्या मॅडम’ ठेवलं. दोन-चार दिवस नुसती धमाल चालली होती. मग गोलकीपर म्हणाली, “मॅडम, सरांना घाला ना चष्मा!”

“हो, सर! सर!” सगळ्यांनी गिल्ला केला.

मॅडम हसून म्हणाल्या, “माझ्या अभ्यासात बसणार नाही ते. पण गंमत म्हणून घालायचा तर घाला.”

सरांना मागे हटणं जमण्यासारखं नव्हतं. शिवाय त्यांना मनातून वाटत होतं की या मुलींना एकदा दाखवावंच. “ठीक आहे,” ते चड्डीची नाडी आवळत म्हणाले. “नीट बघा आणि शिका. मी रोज ओरडतो ना, मान वर, मान वर! मान वर म्हणजे काय ते आज पडद्यावर बघा.”

ताजेपणी ते खरोखर छान खेळले. गुडघ्याला पट्टा बांधला होता, पण चेंडू यायच्या आधी डावीकडे एक नजर, उजवीकडे एक, खांद्यावरून मागे एक, हे सगळं अंगात मुरलेलं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग धावणं. मॅडमनी शंकूंच्या दोन रांगा लावल्या होत्या आणि पेटीतून टुक् असा आवाज यायचा. आवाजासरशी पलीकडे पोचायचं, पुढच्या आवाजाला परत. आवाज हळूहळू जवळजवळ येत गेले. सुरुवातीला सर हसत होते. मग हसू थांबलं. मग पोटऱ्यांमध्ये कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं झालं. घाम काचेखालून डोळ्यांत उतरला. “सर, थांबलात तरी चालेल,” मॅडम म्हणाल्या. सर थांबले नाहीत. शेवटी पाय आपणहून थांबले, आणि त्याच क्षणी मॅडमनी चेंडू आत टाकला. “खेळा!”

खेळ संपला तेव्हा सर गवतावर बसले. लंबूने पाण्याची बाटली दिली. दोन घोट पोटात गेल्यावर त्यांना पहिली गोष्ट सुचली ती म्हणजे तिला झापायची.

“तू होतीस कुठे ग? डावी बाजू अख्खी रिकामी. शेवटी मला समोर गर्दीत चेंडू मारावा लागला.”

“मी तिथेच होते, सर.”

“कुठे तिथेच?”

“डावीकडेच. ओरडत होते.”

“काहीतरी सांगू नकोस. डावीकडे कुणी नव्हतं. मला चांगलं आठवतंय.”

लंबूने गोलकीपरकडे पाहिलं. गोलकीपरने हातमोजे काढायला घेतले.

क्लबच्या खोलीत, जिथे जाळ्या आणि शंकू ठेवलेले असत, तिथल्या भिंतीवर मॅडमनी चित्र पाडलं. मुली जमिनीवर बसल्या. सरांना खुर्ची दिली होती. अजून त्यांच्या मांड्या थरथरत होत्या, म्हणून त्यांनी हात गुडघ्यांवर दाबून धरले होते.

आधी ताजेपणीचा खेळ. लाल गोल माशीसारखा फिरत होता. चेंडू, मग लंबू, मग मागची मुलगी, मग गोलपोस्ट, पुन्हा चेंडू. “व्वा, सर!” मुली म्हणाल्या. सर मान हलवत होते.

मग धावल्यानंतरचा. चित्र हलत होतं, श्वासाचा आवाज भात्यासारखा ऐकू येत होता. लाल गोल चेंडूवर जाऊन बसला आणि बसूनच राहिला. चेंडू दूर गेला तेव्हा तो सरांच्याच बुटांवर आला. मग समोर धावत येणाऱ्या मुलीच्या पोटावर. मग एकदम दूर गेला. दोघी-तिघी फिसकन हसल्या, कारण गोल मैदानाबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्थिरावला होता. ज्या खुर्चीवर सर रोज बसायचे, तीच. सरही हसले.

नंतर चेंडू त्यांच्या पायात आला. चित्राच्या डाव्या कडेला लंबू उभी होती. अख्खी, डोक्यापासून बुटांपर्यंत. दोन्ही हात वर. “सर! सर! इकडे, सर!” तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. लाल गोल चेंडूवरून हलला नाही. मग चेंडू समोरच्या गर्दीत गेला.

खोलीत कुणी हसलं नाही.

मॅडमना आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी चित्र थांबवलं आणि त्या समजावून सांगायला लागल्या. “हे बघा, लाजण्यासारखं यात काही नाही. तुमच्यातल्या सगळ्यांचं कमी-जास्त असंच झालंय. डोळे उघडे असतात, समोरचं डोळ्यांत शिरतही असतं. पण मान वळवून मुद्दाम बघायला जी ताकद लागते ना, ती उरलेली नसते. मग माणूस जवळचं तेवढंच बघतो. आणि बाकीचं नव्हतंच, असं त्याला मनापासून वाटतं. सर आत्ता खोटं बोलत नव्हते.”

“टिटवी पण हेच म्हणत होती,” गोलकीपर म्हणाली.

ती हळू बोलली होती, पण खोली लहान होती.

“टिटवी कोण?” मॅडमनी विचारलं. “तिची चाचणी राहिलीये का?”

शेवटी लंबू खाली बघत म्हणाली, “सरांची भाची आहे. आता येत नाही ती.”

सरांना काहीतरी हलकंफुलकं बोलायचं होतं. म्हातारा झालो, चष्म्याचा नंबर बदलला पाहिजे, असलं काहीतरी. भिंतीवर लंबू अजून हात वर करून उभी होती. “बंद करा ते,” ते म्हणाले, आणि मग घाईने, “मॅडम, कृपा करून.”

घरी जेवताना त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी छापखान्यात ते कागदाची थप्पी मशीनखाली सरकवून तिच्या कडा हाताने ठोकत होते. हात सवयीने चालत होते. डोक्यात कालचं धावणं चालू होतं, पोटऱ्यांतली ती वाळू. आणि एकदम त्यांच्या मनात आलं की आपण काल जे धावलो ते गंमत म्हणून, आणि आपल्याला थांबा म्हणणारी बाई शेजारी उभी होती. टिटवीला त्या सकाळी आपण धावायला लावलं आणि थांब म्हणायला विसरलो. तिचे पाय आपणच मोडले, मग तिला सामन्यात उतरवलं, आणि मग तिच्या डोळ्यांना नावं ठेवली.

“अहो, थप्पी तिरकी झालीये,” शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला. सरांनी ती बाहेर ओढली. पण त्यांना त्या माणसाकडे बघवेना, जणू त्यालाही सगळं कळलंय.

रविवारी दुपारी ते ताईकडे गेले. जाताना काही घेऊन जावं म्हणून एका दुकानात शिरले, आणि हातात खोका धरल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. रिकाम्या हातांनीच जिने चढले.

दार भावोजींनी उघडलं. “या,” ते म्हणाले. एरवी ते “ये रे” म्हणायचे.

ताई बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होती. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात होती, आणि घरी आल्यावरही तिच्या हातून इस्त्री सुटत नाही अशी सगळे तिची थट्टा करायचे. तिने मान वर केली. “बस. पाणी देऊ?”

या घरात सरांना कधी कुणी पाणी विचारलं नव्हतं. ते येताच सरळ आत जाऊन घ्यायचे. “नको,” ते म्हणाले आणि बसले, खुर्चीच्या काठावर, सोयरीक जुळवायला आलेल्या माणसासारखे.

“टिटवी कुठे आहे?”

“बाहेर गेलीये. येईल. काम होतं?”

“ताई, त्या मॅचच्या दिवशी माझं चुकलं. ती खोटं बोलत नव्हती. मला आत्ता कळलं.”

“मला तेव्हाच कळलं होतं,” ताई म्हणाली. “माझी मुलगी आहे ती.”

“ती उशिरा आली होती, म्हणून मी…”

ताईने इस्त्री उभी केली. “उशीर का झाला होता, माहितीये तुला?”

सरांनी नकारार्थी मान हलवली.

“नाहीच माहिती. विचारलंस कुठे? कपडे वाळले नव्हते. हवा दमट होती, आणि तू कपडे आणून दिलेस आदल्या दिवशी संध्याकाळी. मला सकाळची पाळी होती. ओले कपडे घालून मुली खेळतील तर आजारी पडतील म्हणून ही पोरगी उजाडायच्या आधीपासून इथे, या टेबलापाशी उभी होती. एकेक शर्ट इस्त्रीने वाळवत होती. सगळ्या संघाचे. चहाही घेतला नाही, तशीच पळाली. मी ड्यूटी बदलून घेऊन मैदानावर आले तर मामांनी हिला फेऱ्या मारायला लावलंय! त्याच वेळी सांगणार होते तुला मी. तिने डोळ्यांनी नको म्हटलं. नंतर म्हणाली, मॅचच्या आधी सरांचं डोकं फिरायला नको.”

तो कडक शर्ट हातात घेऊन आपण काय म्हणालो होतो ते सरांना आठवलं. शर्ट कोमट होता, हेही आठवलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. भावोजी उठून गॅलरीत गेले, हे त्यांच्या चांगुलपणामुळे की रागामुळे, तेही कळलं नाही.

तेवढ्यात टिटवी आली. हातात भाजीची पिशवी होती. केस कापले होते. मामाला बघून ती दारातच थबकली, मग सरळ स्वयंपाकघरात गेली. सर उठून मागोमाग गेले. ती ओट्यावर भाजी काढून ठेवत होती आणि वळली नाही.

“टिटवे, माझं चुकलं,” सर तिच्या पाठीला म्हणाले. “फार चुकलं. तू खरं बोलत होतीस. मी स्वतः दमून बघितलं. मलाही लंबू दिसली नाही, अगदी समोर होती तरी. आणि तुला दमवलं होतं मीच. शर्टांचं आत्ता ताईने सांगितलं. मला माहीत असतं तर…”

“माहीत असतं तर काय?”

माहीत असतं तर फेऱ्या दिल्या नसत्या, हे खरं होतं. पण नाव ठेवायला कदाचित दुसरं कारण सापडलं असतं, हेही खरं असावं असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि ते मोठ्याने बोलायचा धीर झाला नाही.

“परत ये खेळायला,” ते म्हणाले.

“नको.” टिटवी भेंड्या निवडत होती, किडक्या बाजूला, चांगल्या परडीत. “तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. लंबूची आई हसली होती. आणि आत्ता स्वयंपाकघरात येऊन सांगताय, मी एकटी असताना.”

तिचा आवाज चढला नव्हता. पूर्वीची टिटवी असती तर चार घरं जमा झाली असती. सर मान खाली घालून उभे होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आई, पिशवीत कोथिंबीर नाहीये, विसरले,” आणि त्यांच्या बाजूने वाट काढत बाहेर गेली.

पुढच्या सामन्याच्या दिवशी पालक येऊन बसले, मुलींनी रिंगण केलं, आणि सर नेहमीप्रमाणे बोलायला पुढे आले. त्यांनी शिट्टी काढून खिशात ठेवली होती. आदल्या दिवशी छापखान्यात त्यांनी मनातल्या मनात सगळं भाषण जुळवलं होतं. आता त्यातला एक शब्द आठवेना.

“मला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “पालकांनीही ऐका. मागे मी याच जागी टिटवीला आंधळी कोशिंबीर म्हणालो होतो. खोटारडी म्हणालो होतो. ती खोटं बोलत नव्हती. तिला लंबू दिसली नाही, कारण तिच्या अंगात त्राण नव्हतं. आणि ते मी काढून घेतलं होतं. तुम्ही घातले होते ते शर्ट तिने सकाळी उठून वाळवले, म्हणून उशीर झाला. मी कारण विचारलं नाही. तिला पळवलं आणि थांब म्हणायला विसरलो. मी विसरलो आणि गप्पा मारत बसलो.”

कुणाचा तरी फोन वाजला आणि लगेच बंद झाला. लंबूची आई पिशवीत काहीतरी शोधायला लागली. मुली आपापल्या बुटांकडे बघत होत्या, आणि सरांना कळलं की आपल्या बोलण्याने त्यांनाही शरम वाटतेय, कारण नाव आपण एकदाच उच्चारलं होतं, रोज हाक मारत होत्या त्या. त्यांना तेही म्हणायचं होतं, की तुमचा दोष नाही, सुरुवात माझी. पण पंच घड्याळ दाखवत होते.

“बस, एवढंच,” सर म्हणाले. “खेळा आता.”

सामना हरले. नंतर अध्यक्षांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. “एवढं सगळं चारचौघांत सांगायची काय गरज होती? अशाने मुलींवर वचक राहत नाही.” पण त्या दिवसापासून सरांनी शिक्षेच्या फेऱ्या बंद केल्या. ओरडणंही पुष्कळ कमी झालं. पूर्णपणे गेलं नाही. तोंडातून काही निघालं की ते एकदम थांबायचे, आणि मुली दुसरीकडे बघायच्या, आणि त्यांना पुन्हा ओशाळल्यासारखं व्हायचं.

टिटवी त्या संघात परत आली नाही. सरांनी काय काय सांगितलं ते लंबूने तिला फोनवर सांगितलं, एवढं ताईकडून समजलं. टिटवी त्यावर काय म्हणाली, ते ताईने सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. सणावाराला नाही, पण आजारपणाला, बारशाला येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. भावोजी एकदा चुकून “ये रे” म्हणाले.

पुढच्या मोसमात तिने पुलापलीकडच्या एका क्लबात नाव घातलं, आणि साखळीतला एक सामना सरांच्या संघाशीच पडला. सर बाकावर बसून होते. टिटवी पहिल्यापासून ओरडत होती. उत्तरार्धात ती दमली. आता सरांना ते ओळखता येत होतं. मान वळायची कमी झाली, नजर चेंडूच्या आसपास घुटमळायला लागली. एकदा तिने सरळ लंबूच्या पायात चेंडू दिला, आपल्या जुन्या मैत्रिणीच्या, आणि तिच्या प्रशिक्षक बाईंनी नुसतं “राहू दे, पुढचा!” म्हटलं आणि दोन मिनिटांनी तिला विश्रांतीला बाहेर काढलं. कुणी हसलं नाही. सर जमिनीकडे बघत राहिले.

सामना संपल्यावर ती धापा टाकत आली आणि सरांच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तोच बाक जवळचा होता. तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. गाठ घट्ट बसली होती. सरांना वाटलं, सोडून द्यावी. मग वाटलं, आपण हात लावू नये.

“मामी कशी आहे?” टिटवीने खालूनच विचारलं.

“बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते.”

“तुमच्या घरात सगळ्यांचेच गुडघे,” ती म्हणाली.

छान खेळलीस, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या खेळाला बरं-वाईट म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे त्यांचं ठरेना, आणि ते ठरेपर्यंत गाठ सुटली. पलीकडून तिच्या मैत्रिणींनी तिला हाक मारली. बूट हातात घेऊन ती मोज्यांनीच गवतातून तिकडे निघाली. सर थोडा वेळ बसून राहिले, मग उठून चेंडू गोळा करायला लागले.